पुढच्या चाकांची ओढ

वराळ्याहून आंबीकडं जाताना उजव्या हाताला हमीदचं गॅरेज लागतं. जुन्या अवजड गाड्यांचे गिअर आणि एक्सल यांच्या कामात त्याचा हात धरणारा आसपास कुणी नाही. गाडीत भूतबीत काही नसतं, कुठंतरी नट ढिला असतो, असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा आणि तो नट शोधूनही दाखवायचा.

मे महिन्यात सत्यमनं त्याच्याकडं तो ट्रक आणला. सत्यम लोणावळ्याचा. पवना धरणाच्या वरच्या अंगाला शहरातल्या हौशी लोकांना चिखलातून, दगडधोंड्यांतून गाड्या चालवायला देण्याचा त्याचा धंदा. ट्रक लष्कराच्या लिलावातला, साठ वर्षांचा, चौथ्या की पाचव्या मालकाकडून आलेला. चाकं छातीला लागतील एवढी, आणि चारही चाकांना इंजिनाची ताकद.

"पुढून कटकट वाजतंय, हमीदभाई."

हमीद खाली शिरला. एक्सलच्या मधोमध फुगीर लोखंडी गोळा असतो. त्यात क्राउन नावाचं मोठं दातेरी चाक फिरतं आणि इंजिनाची ताकद त्याच्यातून चाकांकडं जाते. हमीदनं तळाचा बोल्ट काढला. काळं तेल यायला हवं होतं. आलं ते पांढुरकं, दाट, व्यालेल्या म्हशीच्या चिकासारखं. पाणी शिरलं की तेल पांढरं पडतं, हे त्याला ठाऊक होतं. पण वासानं तो मागं सरकला. तेल जळतं, करपतं. सडत नाही. हे सडलं होतं. फडक्यात बांधून विसरलेल्या मटणाला येतो तसा वास होता, आणि त्यात काहीतरी गोडसर.

क्राउनचे लागोपाठ तीन दात मुळापासून तुटले होते. तुकडे मात्र गोळ्यात कुठंच सापडले नाहीत.

"हा क्राउन आता बाजारात मिळायचा नाही, शोधावा लागेल," हमीद म्हणाला. "तोवर पुढचा शाफ्ट काढून ठेवतो. पुढच्या चाकांना ताकद जाणारच नाही. मागच्या दोन चाकांवर रस्त्यानं चालव. चिखलात घालू नकोस."

त्यानं गोळा रॉकेलनं धुतला, चार लिटर नवं तेल भरलं आणि शाफ्ट गॅरेजच्या भिंतीला टांगला. घरी गेल्यावर हात तीनदा धुतले, लिंबू चोळलं. तरी भाकरीचा तुकडा तोंडाशी नेला की तो वास यायचा. त्यानं ताट सरकवलं.

"आज काय मेलेलं उचललंत का?" त्याची बायको अजीजुन्निसा पदरानं नाक दाबत म्हणाली.

जुलैच्या सुरुवातीला सत्यमचा फोन आला. आवाजात नुसता आनंद.

"एकदा बघायलाच या. रुतलेले दोन ट्रॅक्टर आपल्या ट्रकनं ओढून काढले."

"मागच्या दोन चाकांवर?"

"चारही फिरताहेत की."

"शाफ्ट माझ्या भिंतीवर आहे, सत्यम."

सत्यम हसला. "म्हणून तर म्हणतोय, या."

रविवारी सकाळी हमीद मोटारसायकलवरून गेला. रस्त्याच्या खाली सरुबाई नावाच्या बाईचं भाताचं खाचर होतं. सत्यमनं ते महिनाभरासाठी मागून घेतलं होतं. बांधावर रंगीबेरंगी रेनकोट घातलेली माणसं मोबाइल धरून उभी होती. ट्रक एक्सलपर्यंत चिखलात होता. मागची चाकं जवळजवळ थांबलेली. पुढची दोन मात्र हळू, नेटानं फिरत होती. चिखल उडत नव्हता. चाकं तो दाबत होती, आत घेत होती आणि पुढं सरकत होती. इंजिनाच्या आवाजाखाली दुसरा एक ओला, मचमच आवाज येत होता.

हमीदनं वाकून पाहिलं. शाफ्टच्या जागी काही नव्हतं. आरपार पलीकडचा बांध दिसत होता.

सरुबाई त्याच्याजवळ आली. सत्तरीची, डोक्यावर इरलं.

"भाऊ, तुमी मिस्तरी न्हवं? गाडीचं तेल गळतंय का बगा. चाकोरीत पांढरं साचतंय. म्हस हिरवा चारा सोडून तेच चाटाया पळती. लय मारली, पर हटत न्हाई."

चाकोऱ्या पाण्यानं भरायला हव्या होत्या. त्यांत साय धरल्यासारखं काहीतरी थरथरत होतं. वरून पाऊस पडत होता, पण ते पाण्यात मिसळत नव्हतं. हमीदच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं.

"सत्यम, आता उघडायचा. आत्ताच."

"अजून चार जण थांबलेत हो."

"त्यांना घरी पाठव. ही माणसं बसतात त्या गाडीत."

त्याचा चेहरा पाहून सत्यमनं गिऱ्हाइकांना उतरवलं. ट्रक रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडखाली घेतला. दुपारचे बारा वाजले होते, पाऊस उघडून लख्ख उजेड पडला होता. हमीदनं बादली लावली आणि बोल्ट काढला.

चार लिटर भरलं होतं. दहा लिटरची बादली काठोकाठ भरली, तरी धार थांबेना.

त्यानं झाकण खोललं. श्वास रोखून हात आत घातला आणि क्राउन फिरवत दात चाचपू लागला. लोखंड, लोखंड, लोखंड. तुटलेल्या जागेपाशी बोटं थांबली.

तिथं रिकामं नव्हतं.

तीन लहान टोकं होती. गुळगुळीत. त्यानं एकावर बोट दाबलं.

ते हललं.

हमीदनं ओढलं नाही, हे तो नंतर शपथेवर सांगायचा. ते आपसूक निसटून त्याच्या तळव्यात आलं. बारकं, दुधी रंगाचं. बुडाशी गुलाबी धागा लोंबत होता.

हमीद शेडच्या कडेला जाऊन ओकला. पोटातलं संपलं तरी ओकत राहिला. तेवढ्यात ते हातातून कुठं पडलं, ते पुन्हा मिळालं नाही.

"काय झालं?" सत्यमनं विचारलं.

"तूच बघ."

सत्यमनं बाही वर करून हात आत घातला. क्षणभरच. मग झटकन काढला. तर्जनीच्या पेरावर अर्धगोल वळ उमटला होता. रक्त नव्हतं. त्यानं ते बोट शर्टाला पुसलं आणि म्हणाला, "मोडीत काढू या."

बुधवारी आंबीतल्या एका भंगारवाल्यानं गॅस कटरनं ट्रकचे तुकडे केले. हमीद पुढ्यात उभा राहिला, शेवटचा तुकडा पडेपर्यंत. पुढचा गोळा कापताना त्यानं मान वळवली नाही. आत लोखंडच निघालं. तीन दात तुटलेला क्राउन आणि काळं तेल.

ते बघून त्याला हायसं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

त्यानंतर महिनाभर त्याला मटण चाललं नाही, दूध तर नकोच. हळूहळू जेवण सुरू झालं. दिवाळीनंतर त्याची थोरली लेक हुमेरा सातव्या महिन्यात बाळंतपणासाठी माहेरी आली आणि घर गजबजलं.

नोव्हेंबरअखेरीस एका सकाळी सरुबाई गॅरेजच्या दारात उभी राहिली. एसटीनं आली होती, डोक्यावर दहा किलोचं पोतं घेऊन.

"नवं तांदूळ हाईत, भाऊ. इंद्रायणी. तुमी त्या दिवशी गाडी बंद पाडली, म्हून माजं खाचर सुटलं. उरलीसुरली रोपं उशिरानं लावली, तर काय सांगू! बाकीचा भात पोचट गेला, पर चाकोऱ्यांमदला कमरंएवढा आला. ह्यो तितलाच."

म्हातारी एवढं ओझं घेऊन आली होती. त्यानं तिला चहा पाजला, पोतं ठेवून घेतलं आणि गॅरेजच्या मागच्या खोलीत कोपऱ्यात ढकललं. दुसऱ्या दिवशी ते इंद्रायणी नदीत सोडायचं ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी पोतं तिथं नव्हतं. खोलीची दुसरी किल्ली अजीजुन्निसाकडं असायची. तो धावतच घरी गेला.

पोतं स्वयंपाकघरात होतं. तोंड सुटलेलं, अर्ध्याच्या खाली गेलेलं. शेजारी हुमेरा मांडी घालून बसली होती. मुठीमुठीनं कच्चे तांदूळ तोंडात टाकत होती आणि सावकाश चावत होती. अब्बा आलेले तिला कळलंही नाही.

"हुमेरा!"

तिनं वर पाहिलं नाही.

"ओरडू नका तिला," अजीजुन्निसा चुलीकडं तोंड करून म्हणाली. "डोहाळे आहेत. पोटुशीला कच्चे तांदूळ खावेसे वाटतातच."

एवढं बोलून ती थांबली, आणि तोंडात होतं ते गिळलं.