पुलावरून सोडलेली पिशवी

वांगणघाटात त्या काळी बिस्किटाचा पुडा फोडताना कुणी बोलत नसे. आधी तोंड मिटायचं, मग हात चालवायचा. वेष्टन चुरगळून डब्यात टाकलं की चार पावलं लांब जायचं आणि मग शेजारच्या सुनेबद्दल काय बोलायचं ते पोटभर बोलायचं. परगावच्या पाहुण्याला वाटे, गाव मुक्यांचं आहे की काय. गाव मुकं नव्हतं, सावध झालं होतं. आणि त्याला सावध करणारं यंत्र घाटावरच्या जुन्या जकात नाक्यात बसवलेलं होतं.

त्या यंत्राला म्हणत चुणीवाचक. प्लास्टिकचा पातळ कागद म्हणजे अतिसूक्ष्म लांब धाग्यांचा गुंता, शेवयांच्या गठ्ठ्यासारखा. कागद चुरगळला किंवा घडी घातली की चुणीच्या जागी हे धागे ताणले जातात आणि तसेच थिजतात. थिजण्याच्या त्या क्षणी आसपास कुणी बोलत असेल, तर त्या आवाजानं ते थरथरत असतात, आणि थरथरही सोबत थिजते. चुणीवरून प्रकाशाचा बारीक किरण फिरवला की ती थरथर पुन्हा ऐकू येते. पाच सेकंद, दहा सेकंद. जेवढा वेळ हात चालला तेवढंच. किरणाच्या उबेनं मात्र धागे सैल पडतात, चुणी मिटते आणि आवाज कायमचा जातो. प्लास्टिक पुन्हा कोरं.

हा शोध लावला डॉ. रेहाना मुजावर यांनी, आणि त्यांनी तो लावला तेव्हा त्यांच्या मनात कुणाला लाजवायचं नव्हतं. ती कल्पना गुळवणी सरांची.

प्रभाकर गुळवणी म्हणजे गावच्या हायस्कूलचे निवृत्त भूगोल शिक्षक आणि नदी समितीचे अध्यक्ष. सरांना प्रत्येक गोष्टीवर मत असे. मोबाइलनं माणूस आळशी झाला, विज्ञानाला संस्कारांची जोड हवी, प्लास्टिक हा राक्षस आहे आणि तो आपणच पोसलाय, हे ते दाढी करवून घेतानाही न्हाव्याला सांगत. रेहाना त्यांची विद्यार्थिनी. यंत्र गावात आलं तेव्हा सर म्हणाले, "दंडाला कोण भितो? माणूस भितो लाजेला. नदीतून निघालेलं प्लास्टिक दर रविवारी घाटावर वाजवा. कर्ण्यावरून. कुणालाही सूट नाही."

आणि खरोखर नदी सुधारली. गुटख्याच्या एका पुडीतून खुद्द ग्रामसेवक बोलले, "उद्या स्वच्छता मोहिमेचे फोटो आहेत, थोडा कचरा आणून पसरा रे." शाम्पूच्या पुडीतून तलाठ्याचं न्हाणीघरातलं गाणं निघालं, आणि त्यानं आठवड्यात बदली मागून घेतली. मग कुणीतरी असे आवाज साठवून लोकांना धमकावू लागला, तेव्हा सरांनी दुसरा नियम केला: वाचन एकदाच, ध्वनिमुद्रण कुणी करायचं नाही. "लाज ताजी असावी," ते म्हणाले, "तिचं लोणचं घालू नये."

रविवारच्या गर्दीत पहिल्या पायरीवर सरांची थोरली बहीण बसे. कुमुदआक्का, वय ऐंशी. तिला कुणाची फजिती ऐकायची नव्हती. आई जाऊन अकरा वर्षं झाली होती आणि आईचा आवाज कुणी कधी मुद्रित केला नव्हता. आक्का दर रविवारी डॉक्टरबाईंना विचारी, "आमच्या म्हातारीचं काही निघालं का गं?"

त्या साली नदी आटली, पुलाखालचा गाळ उपसला, आणि एका गुरुवारी सकाळी डॉक्टरबाईंनी सरांना नाक्यात बोलावून घेतलं. टेबलावर साडीच्या दुकानाची एक जाड निळी पिशवी होती. तिचे बंद गाठ मारून करकचून बांधलेले, आणि बूड फाटलेलं.

"यादी करण्यापुरता पहिला सेकंद वाचते मी, सर. ओळख पटावी म्हणून," त्या म्हणाल्या. "ही वाचायला घेतली आणि थांबवली. तुमचा आवाज मला सातवीपासून ओळखीचा आहे."

सर पिशवीकडे पाहत राहिले. तिचा निळा रंग त्यांना ओळखीचा होता. कानांच्या पाळ्या गरम झाल्या, वर्गात कुणी चूक दाखवून दिली की होत तशा.

"राख होती हिच्यात," डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या. "पाण्यानं ती केव्हाच नेली. आतल्या बाजूला अंश चिकटलाय तेवढा."

"रविवारी वाजवणार?"

"नियम तुमचा आहे, सर."

सर खुर्चीत बसले. बराच वेळ चष्मा पुसत होते. "हे आधीच वाचून टाकलं तर? म्हणजे... कोरी करून?"

डॉक्टरबाईंनी पिशवी उजेडात धरली. "हिच्यात दोन थर आहेत. वरची चुरगळ तुमची. तिच्याखाली जुन्या घड्या आहेत, चौकोनी, अगदी नेमक्या. कुणीतरी ही पिशवी तळहाताएवढी घडी घालून ठेवली होती."

ते कोण, हे सरांना विचारावं लागलं नाही. आई प्रत्येक चांगली पिशवी धुऊन, वाळवून, घडी घालून गादीखाली ठेवत असे. तिच्या गादीची एक बाजू त्यामुळे कायम उंच असायची. आणि घडी घालताना ती एकटीच बोलत असे.

"म्हणजे आई आहे हिच्यात?"

"असावी. वरचा थर गेल्याशिवाय खालचा उघडत नाही. आणि तोही एकदाच." त्या उठल्या. "मी चहा सांगून येते. यंत्र कसं चालवायचं ते तुम्ही पन्नास वेळा पाहिलंय."

दार लागलं. आता सरांपुढे दोनच वाटा होत्या: पिशवी तशीच ठेवून रविवारी सगळ्या घाटासमोर उघडं पडायचं, नाहीतर आपला थर पुसून आक्काला फक्त आई ऐकवायची. दुसऱ्या वाटेत आक्काचं भलंच आहे, असं त्यांनी स्वतःला समजावलं. स्वतःला समजावण्यात शिक्षकासारखा पटाईत कुणी नाही. त्यांनी कळ दाबली.

आधी पुलावरचा वारा आला. मग अकरा वर्षांपूर्वीचे गुळवणी सर, बायकोशी फोनवर: "अगं, संगमावर कोण जातंय आता? सत्काराला उशीर होईल. इथूनच सोडतो. आक्काला संगमाचंच सांगायचं, विधी झाले म्हणायचं. राखेला काय कळतंय? ...गाठ सुटेना बघ हिची. जाऊ दे."

त्यानंतर काही नाही. चुणी मिटली. 'जाऊ दे' म्हणताना आपण हसलो होतो, हे सरांना आठवत नव्हतं. यंत्रात मात्र हसू स्वच्छ ऐकू आलं.

डॉक्टरबाई चहा घेऊन आल्या. त्यांनी पिशवीकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं नाही. कप मात्र त्यांच्यापुढे ठेवला, आणि सरांना तो रागावण्यापेक्षा जड गेला.

रविवारी घाट भरला. लोकांची मतं नेहमीप्रमाणे आधीच जमली होती.

"यंत्र सरकारी आहे, कोण सांगावं काय भरून ठेवतात त्यात," एकजण म्हणाला.

"तुझी पुडी वाजल्यापासून तुला सरकारी वाटायला लागलंय ते," पानवाली सगुणाबाई म्हणाली, आणि पायऱ्या हसल्या.

सर स्वतः पिशवी घेऊन आक्काशेजारी येऊन बसले. "आक्का, आज आईचं आहे."

आक्काला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिनं पदर डोक्यावरून घेतला, जणू आई खरोखरच समोर येणार होती. डॉक्टरबाईंनी पिशवी यंत्राखाली पसरली. घाट चिडीचूप झाला.

कर्ण्यातून बांगड्यांचा किणकिणाट आला. मग म्हातारा, जरा घोगरा आवाज: "ही असू दे. जाड आहे चांगली. कुमुद आली की पापड घालून द्यायला होईल."

संपलं.

आक्का रडली नाही. ती खुदकन हसली आणि शेजारच्या बाईला म्हणाली, "ऐकलंस? पापड. मरेपर्यंत माझे पापड." मग तिचे ओठ थरथरू लागले. सगुणाबाईनं तोंडाला पदर लावला. सरांनाही वाटलं, झालं, निभावलं. डॉक्टरबाईंनी आणून दिलेली पिशवी मांडीवर घेऊन ते बसून राहिले.

तेव्हा आक्कानं डोळे पुसले आणि साधेपणानं विचारलं, "पण काय रे परभा, आईच्या गादीखालची पिशवी पुलाखाली कशी गेली?"

हा प्रश्न येईल हे तीन दिवसांत त्यांच्या मनातच आलं नव्हतं. आवाज पुसण्याच्या नादात पिशवी राहिली होती. आक्का त्यांच्याकडे बघत होती, काहीही मनात न ठेवता, उत्तर ऐकायला उत्सुक. खरं सांगायची वेळ ती हीच होती. समोर सगळा घाट होता. त्यातली निम्मी माणसं त्यांनीच कधी ना कधी लाजवलेली.

"जायच्या आधी गच्चीवर वाळत घातली होती ना तिनं," सर म्हणाले. "वाऱ्यानं उडाली असेल. तेव्हा वारा फार होता, आक्का. मी तेव्हा संगमावर गेलो होतो, अस्थी घेऊन. घरी कोणी नव्हतं बघायला."

बोलता बोलता त्यांना डॉक्टरबाई दिसल्या. त्या सरांच्या चेहऱ्याकडे पाहत नव्हत्या, हातांकडे पाहत होत्या. सरांनी खाली पाहिलं. त्यांच्या बोटांनी पिशवीची घडी घातली होती. आधी उभी, मग आडवी, मग पुन्हा आडवी, कडा अंगठ्यानं दाबून. तळहाताएवढी, चौकोनी, आई घालायची तशी.

कोऱ्या पिशवीनं एक एक शब्द घेतला होता.

"आण इकडे," आक्का म्हणाली, आणि त्यांच्या हातातून ती घडी तिनं दोन्ही हातांनी काढून घेतली, प्रसाद घेतात तशी. "आईच्या हातची आहे. माझ्या गादीखाली ठेवते. माझ्यामागं नातवंडांकडे जाईल. रेहाना, किती टिकतं गं हे प्लास्टिक?"

डॉक्टरबाईंनी आक्काच्या हातातल्या घडीकडे पाहिलं.

"चारशे वर्षं, आक्का," त्या म्हणाल्या. "जास्तच."

"बरं झालं," आक्का म्हणाली, आणि पिशवी कमरेला खोचून पायऱ्या चढू लागली. सरांनी तिला हात दिला. तो तिनं विश्वासानं धरला.