ज्या नावाला जास्त हशा

मापनखोलीत सहा दिवे होते, सहाही चालू. दोन टेबलं, तीन खुर्च्या, काळा कागद लावून कायमची बंद केलेली एक खिडकी. आणि माणसं दोन: दशांश आणि आरसेवाले काका.

दशांश घरी नुसती ताई होती. वेधशाळेत रुजू झाल्यावर तिला हे नाव पडलं, कारण चहात साखर किती हेही ती एका दशांशापर्यंत सांगायची. काका दुर्बिणींचे आरसे धुवायचे, पुसायचे, त्यांवर नवा मुलामा चढवायचे. सव्वीस वर्षं हेच काम. रोज सकाळी साडेनऊला दशांश टेबलाच्या मधोमध प्रकाश मोजायची. आकडा यायचा चारशे बारा. कधी अकरा, कधी तेरा. त्याच्या बाहेर कधी नाही.

वेधशाळेत एक रीत होती. नव्या ग्रहाला कागदोपत्री लांबलचक क्रमांक मिळे, पण घरचं नाव ठरे शनिवारच्या चहाला. जो तो नावं ओरडायचा आणि ज्या नावाला जास्त हशा, ते फळ्यावर चढायचं. वाजवीपेक्षा फुगलेला एक ग्रह असाच 'जावईबापू' झाला होता.

दशांशला सापडलेला पहिला ग्रह कोळशाहून काळा निघाला. शंभर भाग प्रकाश पडला तर परत येई शून्य पूर्णांक चार. चार महिन्यांत तिच्या एकाही विनोदावर कुणी हसलं नव्हतं. त्या शनिवारी ती कपातला चहा सावरत उठली आणि म्हणाली, "सोपं आहे. आपले आरसेवाले काका!"

हशा असा उसळला की वेधशाळेच्या प्रमुखांना, सरांना, ठसका लागला. काका दारातच उभे होते, हातात पाण्याचा कॅन. वर्णानं काळेभोर. तेही हसले, सगळ्यांच्या जरासे मागून.

तिची खरी चूक त्यापुढची. ग्रहाच्या नोंदणीच्या अर्जात 'घरचं नाव' अशी एक चौकट होती. ती तिनं भरली, आणि चौकटीतला मजकूर जसाच्या तसा वर्तमानपत्रांकडे गेला.

"नातीनं कात्रण वहीत चिकटवलंय," काका एवढंच म्हणाले. "वर्गात तिला ग्रहाची नात म्हणतात."

"चिडवतात?"

"पोरंच ती, मॅडम."

त्यानंतरच्या सोमवारी खोलीतला आकडा आला चारशे तीन. मंगळवारी तीनशे ऐंशी. तिनं मापक बदलला. वायरमन येऊन सहाही नळ्या बदलून गेला. "दिवे ठणठणीत आहेत," जाताना म्हणाला, "तुम्हीच जरा झोप काढा." बुधवारी आकडा तीनशे एकतीस. काका कॅन भरायला बाहेर गेले, तेव्हा चारशे बारा. परत आले, तीनशे एकतीस.

तिनं काकांकडे बघायचं टाळलं. पण समोर काका हातभर आरसा पुसत होते आणि आरशात फडकं दिसत होतं. गोल गोल फिरणारं पिवळं फडकं. त्याला धरणारी बोटं आरशात दिसत नव्हती.

ती सरांकडे गेली. "सर, ते नाव मागे घ्यायचंय."

"छापून आलं की गं! गंमत आहे, एवढं मनाला काय लावून घेतेस? आणि फळा पुसायचा तर रीत ठाऊक आहे ना? याहून मोठा हशा आण."

शुक्रवारी ती काकांसमोर जाऊन उभी राहिली. त्यांच्या चेहऱ्यावर नाक कुठे संपतं आणि गाल कुठे सुरू होतो, हे आता कळत नव्हतं.

"काका, चुकलं माझं."

"मला विचारलं असतंत, तर मी हो म्हटलं असतं," काका म्हणाले. "कुणी विचारलंच नाही."

मग त्यांनी तळहात पुढे केला. "मोजा. चार दिवस चोरून मोजताय, आता समोर मोजा."

तिनं आधी स्वतःचा तळवा मोजला. शंभरातले एक्केचाळीस पूर्णांक सहा परत. मापक ठीक होता. मग काकांचा.

शून्य पूर्णांक चार.

"किती?"

"तीस," ती म्हणाली.

"मग बरं आहे," म्हणून काकांनी फडकं उचललं.

शनिवारी ती चहाच्या टेबलाशी उभी राहिली.

"ग्रहाचं नाव बदलायचंय. दशांश ठेवा. विचार करा, माझ्याकडे आलेलं काही कुणाला परत मिळालंय का? सरांची छत्री गेल्या जूनपासून माझ्याकडे आहे. अकाउंटंटबाईंचा डबा आहे, झाकण नाही. आणि मी न परतवलेल्या पुस्तकांसाठी ग्रंथपालांनी तर माझ्या नावाचं रिकामं कपाटच केलंय!"

"डबा तुझ्याकडे होय गं, भवाने!" अकाउंटंटबाई ओरडल्या.

हशा उठला. टेबलावरचे कप खुळखुळले. सरांनी डोळे पुसत फळ्यावर खडू चालवला, आणि दुरुस्तीचा अर्ज तिनं त्यांच्यासमोर लगेच पाठवला.

काका दारात होते. ते हसले नाहीत.

"पोरी," पहिल्यांदाच ते तिला असं म्हणाले, "हे काय करून बसलीस?"

सोमवारी काका खोलीत आले तेव्हा त्यांच्या कपाळावरच्या तिन्ही आठ्या स्पष्ट दिसत होत्या. तळवा: तीस पूर्णांक दोन. ते आरसे धुवायला वर गेले.

दशांशनं दार लावून घेतलं आणि वही उघडली.

स्वतःचा उजवा तळवा, साडेनऊ वाजता: ४१.६.

पावणेदहा: ३८.९.

दहा: ३६.२.