पोटातली कोकरं

मेंढ्या मारल्या होत्या, पण मांसाला कुणी हात लावला नव्हता.

औंधच्या माळाखालच्या ओघळीत दोघी शेजारी शेजारी पडल्या होत्या. पोटं चिरलेली, आतडी बाजूला सारलेली. गर्भाची पिशवी तेवढी मुळापासून कापून नेलेली. माश्यांचं मोहोळ उठलं होतं. फौजदार मिलिंद भिंगारदिवे नाकाला रुमाल लावून खाली बसला.

"दोन्ही गाभण होत्या?"

"व्हय सायेब. म्हनूनच कळपातनं काढून हितं येगळ्या बांधल्या व्हत्या," अर्जुना धनगर म्हणाला. "औंदा निम्म्या मेंढ्यांनी गाभ टाकलं. ह्या दोगीच टिकल्या व्हत्या."

"गाभ का टाकतात?"

"आमाला काय ठावं? गुरांचं डाक्टर टाकल्यालं पिल्लू तपासाय न्हेत्यात. अजून कायबी कळलं न्हाई म्हनत्यात."

मिलिंदनं आजूबाजूची जमीन पाहिली. गवत जसंच्या तसं उभं होतं. खुरांनी माती उकरलेली नव्हती. गळ्यातल्या दोऱ्या सैल होत्या. जिवंत जनावराचं पोट फाडलं तर ते एवढं गप्प पडून राहील?

तेवढ्यात हवालदार धापा टाकत आला. "साहेब, गावात चला. लोक चांदसाहेबाचं दुकान फोडायला लागलेत."

चांदसाहेब मुलाणी हा औंधचा मटणवाला. मिलिंद पोचला तेव्हा त्याच्या कपाळातून रक्त गळत होतं आणि दुकानाची फळी रस्त्यात पडली होती. पायरीवर गुरांचे डॉक्टर मानसिंग जगदाळे उभे होते. गोरापान, शांत माणूस. गावात त्यांच्या शब्दाला मान होता.

"मी सकाळीच जाऊन बघून आलो, फौजदारसाहेब. वाईट वाटतं हो. दोन मेंढ्या, पोटात तीन कोकरं. असलं कोवळं मांस खाणारे लोक असतात. सुरी कुणाची चालते, ते मी कशाला सांगू?"

"सायेब, माझी सून आठव्या म्हयन्यात हाय," चांदसाहेब हात जोडून म्हणाला. "मी असलं करीन व्हय?"

मिलिंदनं त्याला जीपमध्ये घातलं. गर्दी ओरडली, "टाका आत!" चांदसाहेबाला चौकीतच बसवायचा त्यानं हुकूम दिला. त्या घटकेला दुसरी सुरक्षित जागा गावात नव्हती.

अर्जुनाची बायको बनुबाई पालात तापानं फणफणली होती. गुडघे, कंबर, सगळे सांधे धरले होते. ताप चढायचा, घामानं उतरायचा, पुन्हा चढायचा. मिलिंदला ते बघवेना. त्यानं तिला आणि अर्जुनाला जीपमध्ये घेतलं आणि थेट सांगली गाठली.

तिथल्या दवाखान्यात डॉक्टर जरिना यांनी बनुबाईचं रक्त तपासलं.

"हा मेंढ्यांकडून येणारा ताप आहे," त्या म्हणाल्या. "कळपात ही लागण असली की मेंढ्या गाभ टाकतात. धनगराच्या घरात आढळणं नवल नाही. नवल वेगळंच आहे."

"काय?"

"शेजारच्या खोलीत हाच ताप असलेल्या बाई आहेत. इथंच, सांगलीतल्या विश्रामबागला राहतात. जन्मात मटण खाल्लेलं नाही. दूध पिशवीतलं, तेही उकळून. मेंढी जवळून पाहिलेली नाही म्हणतात."

त्या बाई म्हणजे लक्ष्मीबाई, निवृत्त मुख्याध्यापिका. उजवा गुडघा भोपळ्याएवढा सुजलेला. गालावर दोन्हीकडे काळपट गाठी. त्यांनी पदर गालावरून ओढून घेतला.

"बाई, गुडघ्याला काही उपचार केले होते?" मिलिंदनं विचारलं.

"इंजेक्शनं घेतली. डॉक्टर अक्षता मेंगाणेंकडे. जिवंत पेशींची. झिजलेला सांधा पुन्हा भरून येतो म्हणाल्या."

"आणि गालाला?"

त्या खिडकीकडे पाहत राहिल्या. "चेहराही तरुण होतो म्हणाल्या. माझं वय काय, मी मागितलं काय! लाज वाटते सांगायला."

"औषध कुठलं?"

"स्वित्झर्लंडचं. अगदी ताजं असतं. डॉक्टरबाई म्हणायच्या, आजच आलंय."

"स्वित्झर्लंडहून? आजच?"

लक्ष्मीबाईंनी मान वळवली. हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच पडला होता.

डॉक्टर अक्षतांच्या विश्रामबागेतल्या दवाखान्यात गुळगुळीत फरशी होती, मोगऱ्याच्या अत्तराचा वास होता. बाहेर बायका-पुरुष नंबर लावून बसले होते. मिलिंद कुणाला न विचारता मागच्या खोलीत शिरला. तिथं अत्तर पोचत नव्हतं. ओट्यावर घरात चटणी वाटतात तसला मिक्सर होता आणि भांड्याच्या कडेला गुलाबी फेस वाळला होता. शेजारी चहाची गाळणी. त्यानं फ्रीज उघडला. आत स्टीलचे तीन डबे. पहिल्याचं झाकण काढलं.

इवलेसे खूर होते, मेणासारखे मऊ. अंगावर अजून लोकर आलेली नव्हती.

मिलिंदनं उरलेले दोन डबे उघडले. प्रत्येकात एक.

"परदेशात असंच करतात," दारातून डॉक्टर अक्षता म्हणाल्या. आवाजात थोडी घाई होती.

"चहाच्या गाळणीनं? हे कोण आणून देतं?"

"औंधचा मुलाणी. चांद... चांदसाहेब."

"हे डबे कधी आणले त्यानं?"

"आज दुपारी. स्वतः घेऊन आला."

"बाई, चांदसाहेब सकाळपासून माझ्या चौकीत बसलाय. त्याचं नाव तुम्हाला कुणी पढवलं?"

त्यांनी पुढं होऊन फ्रीजचं दार लावून टाकलं. मिलिंदनं दवाखान्यावर पहारा बसवला.

दुसऱ्या दिवशी औंधच्या चावडीपुढं त्यानं सगळ्यांना बोलावलं. चांदसाहेबाच्या डोक्याला पट्टी होती. डॉक्टर जगदाळे खुर्चीवर बसले होते.

"चोर मांसासाठी आला नव्हता," मिलिंदनं सुरुवात केली. "दोन मेंढ्यांचं मांस माश्यांना सोडून जाईल असा मुलाणी मी पाहिला नाही. त्याला पोटातली कोकरं हवी होती. सांगलीत ती मिक्सरमधून काढतात आणि माणसांच्या गुडघ्यात, गालात टोचतात."

गर्दीत कुणीतरी थुंकलं.

"मेंढ्यांनी पाय झाडले नव्हते. म्हणजे आधी गुंगीचं इंजेक्शन दिलेलं. अर्जुना, ह्या दोघींना ओघळीत बांधायला कुणी सांगितलं?"

"डाक्टरसायबांनीच. म्हनलं, गाभण हायेत, कळपात चेंगरतील."

जगदाळे हसले. "गुरांच्या डॉक्टरनं तेवढंही सांगू नये? फौजदारसाहेब, यानं काय सिद्ध होतं?"

"यानं नाही. काल दुकानापुढं तुम्ही काय बोललात, त्यानं होतं. दोन मेंढ्या, तीन कोकरं."

"बरं मग?"

"अर्जुना, कुठल्या मेंढीच्या पोटात जुळं आहे हे तुला माहीत होतं?"

"न्हाई सायेब. आमच्या मेंढ्या एकच देत्यात. जुळं लय क्वचित. वरनं चाचपून कळतबी न्हाई."

"मलाही ठाऊक नव्हतं. गर्भाची पिशवीच जागेवर नव्हती, मग मोजणार काय? मला आकडा कळला तो सांगलीत, डबे उघडल्यावर. तुम्हाला तो काल सकाळीच पाठ होता. ज्यानं पिशवी उघडून बघितली, त्यालाच तो ठाऊक असणार, डॉक्टर."

जगदाळ्यांचं हसू ओठांवरच राहिलं.

"आधी मेंढ्यांनी टाकलेली पिल्लं तुम्ही तपासायला म्हणून नेलीत. निम्मा कळप गाभ टाकतो हे बघून गुरांच्या डॉक्टरला कारण कळणारच. कळपात रोग आहे हे तुम्हाला समजलं होतं. ते जाहीर केलं असतं तर कळप बंद झाला असता आणि तुमचा पुरवठाही. म्हणून बनुबाईला तापात पडू दिलंत आणि तीच रोगट पिल्लं सांगलीला पाठवलीत. लक्ष्मीबाईंच्या गुडघ्यात ती गेली. मग तिकडची मागणी वाढली, पिल्लं पुरेनात. तेव्हा जिवंत मेंढ्या चिरल्यात आणि रक्ताचं बोट चांदसाहेबाच्या दाराला पुसलंत."

"अहो, त्या गाभ टाकणारच होत्या," जगदाळे हळूच म्हणाले. "वायाच जाणार होतं ते. कुणाच्या तरी उपयोगी पडलं."

अर्जुना पुढं सरकला. त्याच्या हातात काठी होती. चांदसाहेबानंच त्याला मागनं मिठी मारून धरलं. "नगं गड्या. हात घाण करू नगंस."

हवालदारानं जगदाळ्यांना बेड्या घातल्या. फळी फोडणाऱ्यांपैकी एकानंही चांदसाहेबाकडे मान वर करून पाहिलं नाही.

मिलिंद पंचनामा करायला पुन्हा विश्रामबागेत आला. डॉक्टर अक्षतांना नेलं होतं. डबे सीलबंद झाले होते, तरी वास भिंतीतून येत होता. लक्ष्मीबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, पाय पुन्हा वाकेल याची खात्री डॉक्टर जरिनांनी दिली नव्हती.

टेबलावरचा फोन वाजला. मिलिंदनं उचलला.

"महाबळेश्वरहून बोलतोय," पलीकडून एक सभ्य आवाज आला. "मंडळींना घेऊन येणार होतो इंजेक्शनला. बाई आहेत का?"

"मी पोलीस बोलतोय. बाई अटकेत आहेत." मग मिलिंदनं काही न लपवता सगळं सांगितलं. मेंढ्यांची चिरलेली पोटं, डबे, मिक्सर, गाळणी, रोग, गालावरच्या गाठी.

"अरेरे," तो माणूस म्हणाला. "फारच वाईट." मग आवाज खाली आणून त्यानं विचारलं, "पण साहेब, एक सांगा. गुण येतो ना?"

मिलिंदनं फोन ठेवला आणि नळाखाली हात धरून बराच वेळ धूत राहिला.