कप्तानाच्या घरची सवाष्ण

मार्गशीर्षातल्या गुरुवारी कलशाला पाच झाडांच्या डहाळ्या लागतात. त्या शेवटच्या गुरुवारी चार परसातच मिळाल्या. आंब्याच्या डहाळीसाठी मात्र मला कप्तानाच्या घराकडे जावं लागलं. आमच्या आंब्याने खारं पाणी पिऊन केव्हाच मान टाकली होती.

कप्तानाचं घर म्हणजे रेवदंड्याच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी, आमच्या पोफळीच्या वाडीला लागून असलेलं फिरंग्यांच्या काळातलं पडकं घर. छप्पर नाही, मजले नाहीत. नुसत्या उंच भिंती आणि वर एक कमानीची खिडकी. गावातल्या कितीतरी जोत्यांना त्याचेच दगड लागलेत. आमचा उंबरासुद्धा तिथलाच, आजेसासऱ्यांनी बैलगाडीतून आणलेला. मराठ्यांनी रेवदंडा घेतला तेव्हा कप्तान गलबतात बसून निघून गेला, बायको मात्र मागे राहिली, असं सांगतात. घराला गोड पाण्याची विहीर होती. ती तिनेच झाकून टाकली. दुष्टाव्याने, असं गाव म्हणतं. माझ्या सासूबाई म्हणायच्या, "दुष्टावा कसला गं? तिची पोर पडली त्यात." विहीर नेमकी कुठे, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी माझं मन थाऱ्यावर नव्हतं. खाडीचं पाणी जमिनीत शिरत होतं. आमची विहीर मचूळ, बोअरचं पाणी त्याहून खारं, पोफळी शेंड्यापासून पिवळ्या पडत चाललेल्या. माझ्या मुलाने, अजितने, वाडी रिसॉर्टवाल्याला द्यायचं नक्की केलं होतं. शनिवारी सह्या व्हायच्या होत्या. त्याची तरी काय चूक? मी फक्त लक्ष्मीला म्हटलं होतं, आई, घोटभर गोड पाणी दे.

डहाळी मोडताना वर पाहिलं, तर खिडकीत एक बाई उभी. डोक्यावरून पांढरं ओढलेलं. काशीदला येणारे पर्यटक हल्ली फोटो काढायला इथवर येतात, त्यातलीच वाटली. आणि हळदीकुंकवाच्या दिवशी समोर दिसलेल्या बाईला न बोलावता कसं पुढे जायचं? मी खालूनच हाक मारली, "संध्याकाळी हळदीकुंकवाला या हं! ते पोफळींतलं कौलारू घर!"

तिने मान तेवढी हलवली.

घरी आले, उंबऱ्यावर पाय ठेवला आणि तळव्यापासून गार झाले. त्या खिडकीला आत मजलाच नाही. उभं राहायला जागाच नाही तिथे.

शेजारच्या तुळसावहिनींना सांगितलं. त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अगो कमळ, तुला वाटेवरचं कुत्रंपण बोलवायची सवय! तिचा नवरा मेला का जिता, ते तरी ठाव हाय का?"

"बोलावलंय खरं. आता?"

"आता न्हाय कसं म्हननार? एक पाट जास्तीचा मांड. आली तं आली."

तिन्हीसांजेला बायका जमल्या. पोथी झाली, आरती झाली. मी करंडा हातात घेतला, तोच बाहेर ओरडणारी टिटवी मध्येच थांबली. समईची वात वारा नसताना आतल्या बाजूला वाकली. शेवाळाचा वास आला, फार दिवस कोंडलेल्या पाण्याचा असतो तसा.

मग अंगणातून आवाज… ओल्या पावलांचा. चप्… चप्… हळूहळू, वाट आठवत आल्यासारखा.

उंबऱ्यापाशी थांबला.

दारात कुणीच नव्हतं. पण उंबऱ्याच्या दगडावर एक ओला ठसा उमटला, आणि बराच वेळ पुढचा उमटलाच नाही. मला वाटलं, दगड ओळखला असेल तिने… तिच्याच घरचा.

"कमळ…" वहिनी कुजबुजल्या, "आत घे तिला. ताटकळत नको ठेवू."

"या," मी म्हटलं. आवाज माझा मलाच ऐकू आला नाही. "या… बसा."

रिकामा पाट हळूहळू भिजला.

आमंत्रण माझं होतं, आणि दारी आलेलीला कोरड्या कपाळाने परत पाठवायची नाही, एवढं मला कळत होतं. डोळे मिटून मी कुंकवाचं बोट पुढे केलं.

बोटाला कपाळ लागलं. थंडगार.

ओटीचे तांदूळ सोडले. ते खाली पडले नाहीत. खण ठेवला, नारळ ठेवला… तेही नाही. मी एवढंच म्हटलं, "उंबरा तुमचाच आहे, बाई. केव्हाही या."

पावलं उठली, आली तशीच निघाली. बायका भिंतीला चिकटून बसलेल्या. का कोण जाणे, मी वाकून उंबऱ्यावरच्या ओलीला बोट लावलं आणि जिभेवर ठेवलं.

"वहिनी… हे गोड आहे!"

"काय म्हनतेस?"

"पाणी गोड आहे!"

मग कसली भीती! अजितला हाक मारली. त्याने मोबाइलचा उजेड धरला, पदर खोचून आम्ही सगळ्या मागे. ठसे पोफळींतून कप्तानाच्या घरात गेले, पडक्या भिंतीमागे, वडाच्या मुळ्यांखालच्या एका शिळेवर संपले.

"आई, सापबीप असतील," अजित म्हणाला.

"असू दे. सकाळी पहारी आण."

सकाळी शिळा सरकली, आणि खाली काळंभोर, काठोकाठ पाणी. अजितने ओंजळ प्यायली. पुन्हा प्यायली, आणि लहानपणी हसायचा तसा हसला. वहिनींनी हंडा ताटासारखा बडवला, "लक्ष्मी आली गो बायांनो!" अख्खा गाव कळश्या घेऊन धावला. सह्या झाल्या नाहीत. आज आमच्या पोफळी वरपर्यंत हिरव्या आहेत, आणि शेजारच्या वाड्यांनाही तेच पाणी जातं.

गाळ उपसताना मी काठावर हात जोडून उभी होते. तळाशी काहीच निघालं नाही. ना हाड, ना नारळ, ना खण.

आज पुन्हा शेवटचा गुरुवार. पाट मी सकाळीच मांडून ठेवला होता. तिन्हीसांजेला ती आली. उंबऱ्यावर थांबली नाही, माहेरी यावं तशी सरळ आत आली. तिच्या ठशांशेजारी या वेळी दुसरे ठसे होते, माझ्या तळहाताएवढे. ते पाटाशी न थांबता माजघरात गेले.

बाई मघाशीच परत गेली. तिचे जातानाचे ठसे अंगणात अजून ओले आहेत.

लहान पावलांचे मात्र येतानाचेच आहेत. मी माजघरात वाटीभर दूध ठेवलंय.