बुचाखालचा श्वास

तळवड्याच्या खाली इंद्रायणी वाहते असं आपण म्हणायचं, एवढंच. खरं तर ती सरपटते. वर गोधडीएवढा जाड पांढरा फेस, आणि त्याच्याखाली काय आहे ते विचारायची कुणाची छाती नाही. दीक्षाची नोकरीच नदीचं पाणी तपासायची. तिला विचारावंच लागे.

त्या दिवशी मासे मरून वर आले, म्हणून ती दुपारीच युसुफचाचाच्या होडीत बसली.

"किती तपासशील, बेटा? मेलेल्याची नाडी रोज बघितली म्हणून तो उठतो का?"

"तुम्ही वल्हं मारा, चाचा. नाडी मी बघते."

चाचा हसला नाही. होडी त्याच जागी आली होती. हा फेस कुठल्या कंपनीच्या नळातून येतो ते मोबाइलवर टिपायला गेल्या पावसाळ्यात दीक्षाचा थोरला भाऊ संघर्ष इथंच उतरला, आणि फेसानं त्याला झाकून टाकलं. प्रेतही मिळालं नाही. आई, कस्तुरा, अजून त्याचं ताट वाढते.

दीक्षानं बाटली खोल पाण्यात भरली, दोन औषधं सोडली, बूच घट्ट बसवलं. आत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी तपासणी खोटी ठरते. तिनं बाटली उलटी करून पाहिली. नव्हता. पाण्यात प्राणवायू असेल तर तळाशी तपकिरी साका धरतो, नसेल तर पांढरा.

पांढरा धरला. नासलेल्या दुधासारखा.

आणि त्या साक्यातून एक बुडबुडा वर आला. बुचाला टेकून फुटला. थोड्या वेळानं दुसरा. माणूस झोपेत श्वास घेतो, त्या लयीत.

"चाचा... हे बघा..."

"फेक ते! फेक, बेटा..."

भोवतीचा फेस हलायचा थांबला होता. सडक्या अंड्यांचा वास दाटला. आणि होडीच्या तळाखालून, अगदी हलक्यानं...

"दीक्षुडे..."

या नावानं तिला दादाच हाक मारायचा. शिकलेली पोर, पण भान सुटलं. दादाला हवा हवी, एवढंच तिला सुचलं, आणि तिनं बूच उघडलं. बाटलीनं हुंदका घ्यावा तशी हवा आत ओढली. साक्यावर तपकिरी रेघ उमटली. तिनं घाबरून बूच दाबलं.

घरी येऊन तिनं आईला सगळं सांगितलं. कस्तुरानं बाटली हिसकावून उशाशी ठेवली.

"आई, ती परत नदीत सोडू दे मला."

"हात लावून बघ, हातच मोडीन! लेकरू हाय माझं त्यात."

तेव्हापासून कस्तुराला दम लागतो. दोन पायऱ्या चढली की भिंत धरते. डॉक्टरांना छातीत काही सापडत नाही. दीक्षानं बुचावर मेण ओतून हवेची वाट बंद केली. तरी तपकिरी रंग रोज थोडा खाली उतरतोच आहे.

आज सकाळी कस्तुराचे ओठ निळे पडले होते. तशातही बाटली उजेडाला धरून ती हसली.

"बघ... रंग आला... त्याला..."

दीक्षानं मेणावरून बोट फिरवलं. कुठं तडासुद्धा गेला नव्हता.