मातामायच्या आधीचा शिंगाडा

शिंगाड्याच्या वेलांत एक मुंडकं तरंगत होतं, आणि ते काहीतरी चावत होतं.

गोकुळानं बांबू रोवून डोंगा थांबवला. कार्तिकातली सकाळ. शिंदबोडीच्या तलावावर धुकं असं बसलं होतं, जसं उतरवलेल्या भातावर वाफ बसते. दिवाळीनंतरची गावजत्रा, म्हणजे मंडई, तोंडावर आली होती, आणि कुठला वेल किती भरलाय ते बघायला ती निघाली होती. मनसाराम ढिवराची ही पोर. पान बोटानं नुसतं उचललं की खाली किती शिंगाडे लटकलेत ते सांगायची. पण पानाखाली माणूस तिला पहिल्यांदाच सापडला होता.

"कोन आहेस गा तू?"

मुंडक्यानं घाईघाईनं गिळलं. "पाहुना."

"कोनाचा?"

"भागीरथा मावशीचा. इस्तारी नाव माहं. वैनगंगेपल्याड घर."

"अन पान्यात काय करून राह्यला?"

"पोहून राह्यलो."

"तोंडात काय आहे?"

"...दात."

गोकुळाला हसू फुटलं. तिनं ते पदराच्या टोकानं पुसून टाकलं. "शिंगाडा खाल्ला तुनं."

"एकच—"

"एकच?"

"एकाच वेलाचे."

"बाप्पा! नीघ आधी बाहेर."

"निघतो ना. पन..." मुंडक्याचे कान लाल झाले. "धोतर वेलात अडकलं. कोन्या वेलात, ते नाई समजून राह्यलं."

आता शिंगाड्याला दोन शिंगं असतात आणि ती धोतराची भीडभाड ठेवत नाहीत, हे तलावाकाठचं शेंबडं पोरही जाणतं. पण इस्तारी पडला नदीवाला. वाहत्या पाण्यात शिंगाडा लागत नाही. त्यामुळे शिंगाड्याची शिंगं त्याला ठाऊक नव्हती, तसा शिंगाड्याचा नेमही ठाऊक नव्हता. तो गोकुळानं सांगितला.

"नवा शिंगाडा आधी मातामायले, आपल्या गावदेवीले. मंग मानसाले. त्याच्या आधी कोनी दात लावला तं गाव त्याले सोडत नाई." मग ती इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "जा तू. कोनी नाई पाह्यलं. मी बी नाई पाह्यलं."

"खरंच?"

"खरंच."

"मंग मले काऊन असं वाटते, का तू मघापासून मलेच पाहून राह्यली?"

गोकुळानं बांबूनं त्याच्या तोंडावर सपकन पाणी उडवलं. आणि नेमक्या त्याच वेळी बांधावरच्या झुडपामागून नानाजी उभे राहिले. हातात लोटा.

नानाजी गावचे पंच. मालगुजारी बुडाली, मालगुजार गेले, पण त्यांची हुकूम सोडायची हौस जाताना इथंच राहिली होती, ती नानाजींनी उचलली. "चोर! चोर!" असं ते लोटा हलवत ओरडले, लोट्यातलं पाणी स्वतःवरच सांडलं, आणि हां हां म्हणता अख्खं गाव बांधावर गोळा झालं.

मग पंचायत बसली. पंच कोरड्यात, आरोपी गळ्याइतक्या पाण्यात. बायाही जमल्या होत्या, त्यामुळे त्याला बाहेर येण्याची सोय नव्हती. भागीरथा मावशी बांधावर डोक्याला हात लावून बसली. "माह्या बहिनीचं पोरगं! तिच्या घरी बी असाच खादाडपना..."

नानाजींनी नेम सांगितला. "मातामायच्या आधी ज्याचा दात लागला, त्यानं मंडईचे सारे शिंगाडे तोडाचे अन सारे उकडाचे. अन त्याच्या घरी होळी जळेपर्यंत सुपारी फुटत नाई. सोयरीक नाई, लगन नाई! कबूल?"

"माह्या घरी कोन सुपारी घेऊन बसलं आहे!" इस्तारी दात वाजवत म्हणाला. "कबूल. पन लवकर करा, मासोळ्या चावून राह्यल्या."

बाया पदरात तोंड घालून हसल्या. गोकुळानं डोंग्यात पडलेला बापाचा दुपट्टा उचलला आणि न बघता मागे फेकला. तो बरोबर इस्तारीच्या डोक्यावर पडला. न बघता असा नेम कसा लागतो, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही.

शिक्षा इस्तारीला, पण तोडणी शिकवणार कोण? गावात गोकुळासारखा हात कोणाचा नव्हता. मनसारामनं पोरीला डोंग्यात बसवलं, स्वतः बांधावर विडी ओढत पहारा देत बसला, आणि विडी विझायच्या आत घोरायला लागला.

"पानाचा हा झुपका, ही चवरी, अशी उचल," गोकुळा सांगायची. "अलगद. मंग उलटी कर. देठ मोडाचा नाई, वेल मेला पाह्यजे नाई."

इस्तारी उचलायचा आणि "आई गं!" करायचा. बोटात काटा. गोकुळा त्याचा हात ओढून घ्यायची, नखानं काटा काढायची, वर एक फुंकर. डोंगा मधोमध डुलत राहायचा. पानांच्या लाल पोटावरचं पाणी ओघळून टपकायचं... टप... टप...

दुपारपर्यंत इस्तारीला इतके काटे लागले, की गोकुळाला शंका आली.

"तू मुद्दाम टोचून घेऊन राह्यला का?"

"नाई व! शिंगाडाच बदमाश आहे."

"दाखव. यात काटा कुठी आहे?"

"आत गेला असन. खोल. तू पाहत राह्य... सापडन."

ती पाहत राहिली. काटा नव्हताच. हातही तिनं लगेच सोडला नाही.

एका सकाळी मात्र ती गप्प होती. नुसती चवऱ्या उलटत होती, खसाखसा. इस्तारीनं खोडी काढली, गाणं म्हटलं, मुद्दाम डोंगा हलवला. काही उपयोग नाही.

"काय झालं व?"

"मंडईले राजुऱ्याचे पाहुने येऊन राह्यले. नथ्थूचं घर. मातामायले शिंगाडा वाह्यला का सुपारी फुटन. माघात लगन."

इस्तारीच्या हातातला शिंगाडा पाण्यात पडला. "पोरगा... चांगला आहे?"

"कोनाले ठाऊक! त्याचा मामाच बोलते. मामा म्हनते, आमच्या घरी बाया पान्यात उतरत नाईत. इज्जतीचं घर आहे. सून ओसरीत बसन, पोहे करन, सुपारी कातरन." तिनं हात पाण्यात बुडवला, कोपरापर्यंत. "मी चालाले शिकली त्याच्या आधी या पान्यात आली. मले ओसरीत ठेवतीन, तं मी वाळून जाईन, इस्तारी."

"बापाले सांग ना."

"सांगलं. बाप म्हनते, पोरीच्या जातीनं बोलाचं नसते."

"मंग मी बोलू?"

"तू कोन? शिक्षा झालेला चोर!" ती हसली, पण डोळे हसले नाहीत. "तू गप राह्य. माहं मी पाहीन."

मंडईच्या दिवशी शिंदबोडीत पाय ठेवायला जागा नव्हती. पार सावली गावाहून बैलगाड्या आल्या होत्या. घरोघर नव्या धानाचे पोहे, चिवडा, पाहुण्यांच्या पंगती. रेवड्यांच्या पाट्या, फुटाण्यांचा धूर, भज्यांच्या कढईभोवती माशांसारखी माणसं. चिंचेखाली इस्तारीनं लांबलचक चूल खणली होती, तिच्यावर पाणी भरलेले मोठाले गंज आधण येऊन खदखदत होते. फक्त शिंगाडे पडायचे बाकी होते. मातामायची पूजा झाल्याशिवाय ते पडणार नव्हते.

मातामायपुढे हिरव्या-लाल शिंगाड्यांची रास. एका बाजूला मनसाराम, नवं धोतर नेसून अवघडलेला. दुसऱ्या बाजूला राजुऱ्याचे पाहुणे. मध्ये पितळी ताटात सुपारी. नवरदेव नथ्थू चिवडा खात होता. आल्यापासून चिवडाच खात होता. मामा बोलत होता.

"पोरगी पसंद आहे. फक्त पान्याची सवय मोडा लागन. होऊन जाईन. आमच्या घरी म्हशीची बी मोडली."

गोकुळानं मान वर केली.

नानाजींनी नारळ उचलला आणि दगडावर आपटला. फुटला नाही. पुन्हा आपटला. मग पंचाची इज्जत पणाला लागली, त्यांनी दोन्ही हातांनी असा हाणला, की नारळ उसळून थेट मामाच्या मांडीत गेला. मामा कोलमडला, पागोटं चिवड्यात पडलं, नथ्थू पागोटं बाजूला सारून खातच राहिला. सगळे नारळामागे धावले.

त्या गोंधळात गोकुळा उठली. राशीतला चांगला टपोरा शिंगाडा उचलला. दातानं फोडला. आणि सगळी माणसं वळून बघेपर्यंत थांबून, मगच खाल्ला. सावकाश. कुर्रकुर्र आवाज येईल असा.

मंडईतली भजीसुद्धा तळायची थांबली.

"पोरी!" मनसाराम किंचाळला.

"दात लागला," गोकुळा म्हणाली. "मातामायच्या आधी. साऱ्यायनं पाह्यलं. आता या घरी होळीपर्यंत सुपारी फुटत नाई."

मामानं पागोट्यातले शेंगदाणे झटकत डोळे वटारले. "होळीपर्यंत? आमाले माघात सून पाह्यजे!"

पंचांनी डोकी जुळवली. पाहुणे मोठे, सोयरीक मोठी, पंगत तर त्याहून मोठी. नानाजी गोड हसले. "पोरगी आहे. भुकीच्या भरात, चुकून झालं. माफ! बसा, सुपारी घ्या."

"चुकून नाई झालं!" गोकुळा कडाडली. "बुद्ध्या खाल्ला! पाहाचं असन तं अजून एक खाईन!"

"अवं, माफ केलं ना!"

"काऊन माफ? परगावच्या पोराले गळाभर पान्यात उभं करून शिक्षा, अन मले माफी? मातामाय मानसं पाहून रागावते का, नानाजी? मले शिक्षा पाह्यजे. पुरी पाह्यजे!"

शिक्षा मागायला भांडणारा आरोपी पंचांनी आजवर पाहिला नव्हता. एक म्हणाला, इला ऊन लागलं. दुसरा म्हणाला, कार्तिकात ऊन कुठलं. नानाजी हात जोडून सौम्यपणे म्हणाले, "पोरी, ऐक माहं..."

गोकुळाची नजर त्या जोडलेल्या हातांवर गेली.

"नानाजी, कच्चा शिंगाडा सोलला का नखं काळी पडतेत. आठ दिवस जात नाईत, किती बी घासा." तिनं आवाज आणखी चढवला. "मले माफ कराचं आहे ना? करा. पन मंग साऱ्या गावाची नखं पाहू. इथीच. मातामायपुढं. पंचापासून सुरू!"

काय वर्णावं! नानाजींचे हात बंडीत गेले. बाकीच्या पंचांचे धोतरात गेले. बायांचे पदराखाली, पोरांचे पाठीमागे. भागीरथा मावशी तर हातांवरच बसली. खुद्द मनसारामनं मुठी वळल्या. अख्ख्या शिंदबोडीत उघडे हात उरले फक्त राजुऱ्याच्या पाहुण्यांचे, आणि त्यांतलेही एकाचे चिवड्यात होते.

"नेम म्हंजे नेम!" नानाजी घाईघाईनं गरजले. "पोरीले शिक्षा! जाय, शिंगाडे उकड! होळीपर्यंत सुपारी बंद!"

"बंद! बंद!" गावानं एका सुरात हाळी दिली, हात न काढता.

मामानं ताटातली सुपारी उचलून खिशात घातली आणि गाडी जुंपायला सांगितली. नथ्थू जाताना गोकुळाजवळ थबकला. त्या दिवशी तो एकदाच बोलला. "चिवडा चांगला होता, बाई."

पूजा एकदाची उरकली, मातामायला शिंगाडा वाहिला गेला, आणि गोकुळा पदर खोचून चिंचेखाली आली. इस्तारी काठी हातात धरून उभा होता. धुरानं म्हणा, कशानं म्हणा, त्याचे डोळे भरले होते.

"काय पाहून राह्यला? मीठ टाकलं?"

"टाकलं... वाटते. दोनदा टाकलं असन. तू तथी बोलत होती, तं माहं ध्यानच..."

"मंडई तहानेनं मरन आता."

"मरू दे." तो शिंगाडे गंजात ओतत राहिला. वाफेत तिचा चेहरा दिसत होता, विरत होता, पुन्हा दिसत होता. "गोकुळा... होळी जळली, का मी माह्या बापाले घेऊन येईन. येऊ?"

"काहीले?"

"तुले मागाले."

तिनं काठी त्याच्या हातातून घेतली, गंज ढवळला. त्या गंजाला ढवळण्याची इतकी गरज नव्हती. मागं खाकरल्याचा आवाज आला. मनसाराम उभा होता, नाक लाल करून.

"ऐकलं म्या," तो म्हणाला. "पोट्ट्या, तुह्या घरी बाया पान्यात उतरतेत का?"

इस्तारी चाचरला. "नदी आहे ना, कक्का... उतरतेत. पन ही उतरन का नाई, ते हिलेच इचारा."

बापानं पोरीकडं पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा काही विचारायचं म्हणून पाहिलं.

"नदीत शिंगाडे लागत नाईत," गोकुळा शांतपणे म्हणाली. "मी नाई जात कुठी. त्याले पाह्यजे असन तं त्यानं यावं. इथी. या तलावावर."

"घरजावई?" मनसारामचा आवाज चिरकला. "लोक हसतीन याले!"

"गळाभर पान्यात उभा होतो, तवाच हसून झाले, कक्का," इस्तारी म्हणाला. मग गोकुळाकडं वळून, एकदम हळू, "येतो मी. इथी. तू म्हनशीन तवा."

गोकुळानं काठी आणखी जोरात फिरवली. चुलीच्या आचेनं गाल लाल होतात, तेवढेच झाले होते. थोडे जास्तच.

मनसाराम चुलीपाशी आला. मग खाली बसला, वाकून चुलीत बघितलं आणि कोणाकडंच न बघता म्हणाला, "जाळ कमी झाला. लाकूड सार, जवाईबुवा."

तेवढ्यात नानाजी तरातरा आले, हात अजून बंडीतच. "ए! मी पाहून राह्यलो! होळीपर्यंत सोयरिकीचं बोलाचं नाई म्हटलं ना?"

"कोन बोलून राह्यलं, नानाजी?" गोकुळा इस्तारीच्या शेजारी, खांद्याला खांदा लागेल इतकी सरकली आणि गंजावर झाकण ठेवलं. "आमी तं शिजवून राह्यलो."