अर्ध्या क्लचवर

"इंजिन नुसतं बोंबलतंय, गाडी जागची हलत नाही! वाचव गं, वस्ताद..."

भर दुपारी घामाघूम होऊन गाडी ढकलत विल्किन आमच्या गॅरेजात शिरला. घाटावरच्या आमच्या ओकोआ गावात मोटरसायकलवर सवाऱ्या नेणारे पन्नास तरी असतील, पण डोळे मिटूनही मला ह्याच्याच गाडीचा आवाज ओळखू यायचा. आमच्या दारातल्या चढावर तो रोज जरासा रेंगाळायचा, मग पुढे जायचा. मी मान वर करायची नाही. पप्पांचं गॅरेज पोरगी चालवते हा गावाला आधीच तमाशा होता, त्यात हा आणखी कशाला?

"घाई आहे," तो म्हणाला. "परवा राजधानीला निघालोय. मामेभावानं कुरिअरचं काम बघितलंय."

हातातला पाना मी उगाचच पुसत बसले. "मग जा की. कोणी अडवलंय?"

"कोणीच नाही ना... तीच तर पंचाईत आहे."

मी तेल काढलं, उजवीकडचं कव्हर उघडलं, स्प्रिंगांचे बोल्ट सोडले. क्लचच्या प्लेटा एकेक करून बाहेर आल्या. काळ्या, गुळगुळीत, मधल्या पोलादी प्लेटा तापून निळ्या पडलेल्या. भाताच्या बुडाला लागलेल्या खरपुडीसारखा वास.

"खरपूड तर माझी आवडती!" विल्किन वाकून म्हणाला.

"मग घे, खाऊन बघ. कधी टाकल्या होत्यास ह्या?"

"आठ महिने झाले. खालच्या बाजारात..."

"म्हणजे माझ्याकडे यायला लाज वाटली!" मी मोजपट्टी लावली. निम्म्या झिजलेल्या. "आठ महिन्यांत ही दशा? खरं सांग, चढावर अर्धा क्लच धरून, प्लेटा घासत गाडी टांगून ठेवतोस ना? कुठं?"

त्यानं टोपी काढली, परत घातली.

"तुझ्या दारात," तो म्हणाला.

"काय?"

"गाडी बंद केली असती तर तू विचारलं असतंस, काय काम आहे? काम तर काहीच नव्हतं. म्हणून... अर्ध्या क्लचवर. दिसशील तेवढी दिसशील. तू एकदाही वर बघितलं नाहीस, युडेल्का."

मला रडूच फुटायचं बाकी होतं, आणि रागही आला. आठ महिने मी खाली मान घालून तोच आवाज ऐकत होते की!

"आता सांगतोस, मेल्या? जायच्या वेळी?"

नव्या प्लेटा बसवण्याआधी तेलात भिजवाव्या लागतात. दोन-तीन तासांत भागतं. मी म्हणाले, "रात्रभर भिजू देत. उद्या संध्याकाळी ये."

दुसऱ्या दिवशी मनात आलं, नव्यांत दोन जुन्या प्लेटा घालाव्यात. घाट उतरायच्या आत परत येईल. पण असलं काम माझ्या हातून होत नाही. सगळं चोख बसवलं, केबल ओढून बघितली.

"पाचशे किलोमीटर झाले की केबल तपासून घे. राजधानीत मेकॅनिक चिक्कार आहेत."

"तुझ्याइतका भांडणारा एकही नसेल," तो म्हणाला. हसला नाही. मीही नाही.

तो निघाला तेव्हा मात्र मी मान वर केली. वळणापर्यंत बघत राहिले. नवा क्लच, गाडी कुठेही रेंगाळली नाही.

मग अठरा दिवस. कुणाचीही गाडी चढाला लागली की माझे हात थांबायचे. पप्पा म्हणाले, "पोरी, एकच बोल्ट किती वेळ आवळशील?"

एकोणिसाव्या दिवशी दुपारी तोच आवाज चढ चढत आला. दारात येऊन मंदावला. मी खाली मान घालूनच बसले, आता पुढे जाईल... आणि इंजिन बंद झालं. स्टँड लावल्याचा आवाज आला.

मी वर बघितलं. हात तेलानं माखलेले, डोळे भरलेले.

"काय काम आहे?" मी विचारलं.

"काम काहीच नाही," विल्किन म्हणाला. "थांबायला आलोय."